पक्षात न जाता गावाचं काही होईल, असं मला वाटत नाही. तुमचं मत?

अनेरकाठ (चोपडा)

आमच्या भागात शिकलेली तरुण मंडळी राजकारणावर रोज बोलतात, पण पक्षाच्या बैठकीला चला म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखं करतात. मला हे पटत नाही, म्हणून धागा काढतोय.

मतदानाच्या दिवशी आपल्यापुढे चार-पाच नावं येतात. ती ठरतात कुठे? तालुक्याच्या गावी, कोणाच्या तरी जिनिंगवर नाहीतर मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत. एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) कोणाला द्यायचा यावर तिथे खल होतो आणि जे समोर बसलेले असतात त्यांचंच म्हणणं विचारात घेतलं जातं. आपण तिथे नसतो. मग पाच वर्षं ओरडतो की उमेदवारच धड नव्हते.

जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण (त्या-त्या निवडणुकीचे मतदारसंघ) पक्षाच्या चिन्हावर लढवला जातो. शाळाखोल्या, उपकेंद्र, शिवाराला जोडणारा रस्ता हे सगळं तिथलं काम. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली, निवडणूक आरक्षणाच्या कोर्टकज्ज्यात अडकली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सदस्य नसला की काय होतं ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. तक्रार घेऊन जायचं कोणाकडे, तर टेबलामागच्या साहेबाकडे, आणि त्याला तुमच्या मताची गरज नसते.

म्हणून सांगतो, पक्ष कोणताही निवडा पण रीतसर सदस्य व्हा, एका बूथचं काम घ्या, बैठकीत बसा. (सरकारी नोकर आणि जि.प. शिक्षक यांना सेवानियमांची बंदी आहे, त्यांचा प्रश्न वेगळा.)

केळीबाग (यावल)

दादा, तुमची तळमळ समजते पण मी याच्या पूर्ण विरोधात आहे.

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, आणि ते योग्यच आहे. तरी प्रत्येक पॅनलच्या मागे कोणता पक्ष आहे हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या भावकीत एका निवडणुकीनंतर लग्नाच्या पंगती वेगळ्या झाल्या. सख्खे चुलते बांधावर एकमेकांशी बोलत नाहीत. हे नुकसान कोणत्या शाळाखोलीने भरून निघणार आहे?

आणि कामं पक्षाशिवाय होतात. केळीचा पीकविमा हवामानावर आधारित आहे, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद धरली जाते. आमच्याकडे त्या नोंदींबद्दल शंका होती. आम्ही नोंदी मागितल्या, अर्ज केले, पाठपुरावा केला. हातात झेंडा नव्हता म्हणूनच सगळ्या गटांचे शेतकरी सहीला आले. झेंडा असता तर निम्मे आलेच नसते.

पारोळेकर_सुरतवाला

मी मूळ पारोळा तालुक्यातला, पोटासाठी सुरतेत उधन्याला. बूथच्या कामाबद्दल लिहितो, कारण त्याचं मोल गाव सोडलेल्या माणसाला जास्त कळतं.

आपल्या खान्देशातून किती घरं सुरतला, किती ऊसतोडीला जातात ते सांगायला नको. ऊसतोडीची कोयता घेतलेली माणसं दिवाळीच्या आसपास निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. नेमकं त्याच काळात घराला कुलूप असतं आणि मतदार यादीवर कोणीतरी नमुना ७ भरून हरकत घेतं की हा मतदार इथे राहत नाही. नोटीस निघते, पण घरी घ्यायला कोण आहे? सुनावणीला कोणी गेलं नाही की नाव कटतं, आणि माणसाला ते कळतं मतदानाच्या दिवशी, चारशे रुपये भाडं खर्चून गावी आल्यावर.

आमच्या गल्लीतली नावं राहिली ती एका पक्षाच्या बूथवरच्या पोराने यादी घरोघर वाचली म्हणून. बीएलओ (बूथची मतदार यादी सांभाळणारा अधिकारी) सरकारी असतो, त्याच्यामागे शाळेची आणि इतर शंभर कामं असतात. पक्षाचा बूथ प्रतिनिधी हा त्याच्यासोबत बसून मेलेल्यांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, दोनदा आलेल्यांची नावं तपासतो. स्थानिक निवडणुकीला विधानसभेचीच यादी घेऊन तिचे प्रभागवार तुकडे पाडतात. तेव्हा अख्खी गल्ली शेजारच्या प्रभागात गेली तरी हरकतीला मोजकेच दिवस असतात. हे काम भाषणं करणाऱ्यांनी कधी केलेलं मी पाहिलं नाही.

माजी_बूथप्रमुख

सुरतवाले भाऊ, तुम्ही वर्णन केलेलं सगळं काम मी केलंय. याद्या वाचल्या, पोलचिठ्ठ्या वाटल्या, म्हाताऱ्यांना गाडीवर बसवून आणलं. म्हणूनच नवीन मुलांना सांगतो, जाऊ नका.

आमचा नेता एका रात्रीत दुसऱ्या पक्षात गेला. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण हे सगळीकडे झालंय. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३मध्ये राष्ट्रवादी. त्याआधी २०२०ला एकनाथ खडसे भाजप सोडून राष्ट्रवादीत गेले आणि त्यांच्या स्नुषा रक्षा खडसे भाजपच्याच खासदार राहिल्या. मोठ्या घराला हे पेलतं. गावातल्या घराला पेलत नाही. ज्याच्याविरुद्ध मी दारोदार सांगत फिरलो त्याच्याच सभेच्या सतरंज्या घालायचा निरोप मला आला. नाही म्हटलं तर गद्दार, हो म्हटलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही.

आमदार पक्ष सोडून गेला तर निदान अपात्रतेची सुनावणी होते. नगरसेवक, जि.प. सदस्य यांच्यासाठीही १९८६चा कायदा आहे. कार्यकर्त्याला विचारायचं बंधन कोणत्याही कायद्यात नाही. तिकीट ठरतं त्या खोलीत आपण असायला हवं म्हणता ना अनेरकाठ? मी असायचो. चहा सांगायला.

अनेरकाठ (चोपडा)

भाऊ, तुमच्यावर आलेली वेळ वाईट आहे आणि ती मी हलकी करत नाही. पण तुम्ही बाहेर पडल्यावर तुमच्या बूथवर कोण बसलं? जो प्रश्न विचारणार नाही असाच कोणीतरी. नेत्याला तेच हवं असतं.

केळीबाग यांना एक आठवण करून देतो, तुमच्याच तालुक्यातली. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. पंडित नेहरू अध्यक्ष होते. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, अमळनेरहून आलेले साने गुरुजी आणि गावोगावचे स्वयंसेवक राबले. ते पक्षाचंच काम होतं. खान्देशाला पक्षकार्याची लाज वाटावी असा आपला इतिहास नाही.

केळीबाग (यावल)

फैजपूरचं नाव आमच्याकडे घराघरात अभिमानाने घेतात, पण ते उदाहरण इथे चालत नाही. तेव्हा पक्षात जाणाऱ्याला तुरुंग दिसत होता. आज कंत्राट दिसतं. आज तालुक्यात पक्षप्रवेश करणाऱ्यांची यादी काढा आणि त्यात ठेकेदार किती ते बघा.

अनेरकाठ (चोपडा)

अधिवेशनानंतर लगेच १९३७च्या सुरुवातीला प्रांतिक निवडणुका होत्या, हेही लक्षात घ्या. शेतकऱ्यांच्या सारा-कर्जाचा कार्यक्रम तिथे मांडला गेला तो निवडणुकीच्या तोंडावरच. त्यागाची आणि निवडणुकीची माणसं तेव्हाही वेगळी नव्हती. ठेकेदारांबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ते आत आहेत आणि आपण बाहेर, म्हणूनच तर यादी त्यांची होते.

रेखाताई_शिंदखेडा

मी ग्रामपंचायत सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून. इथे दोन्ही बाजू पुरुषांच्याच येतायत म्हणून लिहिते.

केळीबाग भाऊ म्हणतात सह्या घेऊन, पाठपुरावा करून कामं होतात. मग बोलायला उरते ग्रामसभा. ग्रामसभेत बाया बोलतात का हो? ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवरच होते, सह्या घरी येऊन नेतात. बिगरपक्षीय गाव म्हणजे चार जुन्या घरांचं गाव, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे झेंडा नसतो, पण मुखत्यारी असते.

मला निवडून आल्यावर पहिल्या मासिक सभेत घरच्या पुरुषाला पाठवा असं सरळ सांगितलं गेलं. तेव्हा गेले नसते तर पुन्हा कधीच जाता आलं नसतं, म्हणून मीच गेले. तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या त्या पक्षाच्या महिला आघाडीतल्या दोघी, शेजारच्या गावच्या. अंदाजपत्रक कसं वाचायचं, पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कशावर खर्च करता येतो, इतिवृत्तात आपला विरोध लिहून घ्यायचा कसा, हे त्यांनी शिकवलं. माझ्या सासरी-माहेरी हे सांगणारं कोणीच नव्हतं.

पण अनेरकाठ दादा, तुमच्या पक्षांनाही विचारते. २०११पासून स्थानिक संस्थांत आम्हाला निम्म्या जागा आहेत. राखीव नसलेल्या जागेवर किती बायांना तिकीट देता? जागा खुली झाली की पाच वर्षं काम केलेली बाई घरी आणि तिचा दीर उमेदवार. प्रतिभाताई पाटील १९६२ला जळगावातून आमदार झाल्या, तेव्हा आरक्षण नव्हतं. साठ वर्षांनी तेवढीही हिंमत पक्षांकडे दिसत नाही. मी पक्षात आहे, राहणार आहे, आणि हे भांडण तिथेच करणार आहे.

सातपुडा_धडगाव

आमच्याकडे चित्र वेगळं आहे. पेसा (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या गावात ग्रामसभेला जास्त अधिकार आहेत, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतीकडे येतो आणि तो कशावर लावायचा हे ग्रामसभा ठरवते. पाड्यावरची माणसं एकत्र बसून ठरवतात तोवर नीट चालतं. पक्षाची माणसं पाड्यात दोन गट पाडतात, मग कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) होत नाही आणि निधी पडून राहतो. माझं मत केळीबाग यांच्या बाजूने.

पारोळेकर_सुरतवाला

केळीबाग भाऊ, एकच विचारतो. पक्ष नको म्हणता, ठीक. मग मतदार यादी कोण वाचणार? मतदानाआधी मशीन तपासायला अभिरूप (नमुना) मतदान घेतात तेव्हा मशीनसमोर कोण उभं राहणार? मतमोजणीच्या टेबलावर तुमच्या गावाचा माणूस कोण?

केळीबाग (यावल)

यादीचं काम बचत गट आणि तरुण मंडळ करू शकतं. प्रारूप यादी सगळ्यांसाठी जाहीर होते, वाचायला पक्षाची पावती लागत नाही. यंदा आमच्या गावची यादी वाचायला मी स्वतः बसणार आहे, ऊसतोडीला गेलेल्या घरांचे फोन नंबर आधी गोळा करून. तुमचा हा मुद्दा मला लागला.

मशीन आणि मतमोजणीचं म्हणाल तर तिथे उमेदवाराने नेमलेला प्रतिनिधीच बसू शकतो, हे खरं. पण अपक्ष उमेदवारालाही प्रतिनिधी नेमता येतो.

माजी_बूथप्रमुख

अपक्षाला प्रत्येक बूथवर बसायला माणसं कुठून मिळणार, केळीबाग? गटात वीस-पंचवीस गावं असतात. मी उमेदवारांसाठी माणसं जमवलीत, मला माहीत आहे. तरी तुमच्या गटात कोणी अपक्ष स्वच्छ माणूस उभा राहणार असेल तर कळवा. पक्षाच्या बूथवर मी परत बसणार नाही, त्याच्या बसेन.