वृत्तातल्या विनोदी श्लोकाला ‘वात्रटिका’ म्हणावे का?

अक्षरछंदी: एका संकलनासाठी मी लघु-गुरू अक्षरांचा ठरलेला क्रम (लगक्रम) असलेल्या अक्षरगणवृत्तांतील विनोदी रचना निवडत असून त्या विभागाला ‘वात्रटिका’ असे शीर्षक दिले होते. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खोडले. त्यांच्या मते वात्रटिका म्हणजे चालू घडामोडींवर यमकाच्या जोरावर केलेली चार-सहा ओळींची टिप्पणी. लगक्रम काटेकोर पाळणाऱ्या श्लोकाला ते नाव शोभत नाही. नमुन्यादाखल भुजंगप्रयात वृत्तातले माझे दोन चरण (ओळी) देतो:

मला कालचा चोर दारात भेटे
म्हणे, काय हे, लाज काही न वाटे?

अशा रचनेला आपण काय म्हणाल?

जुनी वही: सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. ‘वात्रट’ला ‘नाटिका’, ‘पत्रिका’ यांच्या धर्तीवर ‘इका’ जोडून हा शब्द घडला आहे, आणि त्यात राजकारणाचा किंवा मुक्त रचनेचा कोणताही अंश नाही. वात्रटपणा वृत्तातही करता येतो.

लघुगुरू: शब्द कसा घडला यावरून तो आज कशासाठी वापरला जातो हे ठरत नाही. ‘वात्रटिका’ म्हटल्यावर वाचक आता ताज्या बातमीवरचा चिमटा शोधतो. या चोराचा कोणत्याही बातमीशी संबंध नाही. मी ‘विनोदी श्लोक’ असे सरळ म्हणेन.

यतिभंग: मला यात विडंबन दिसते. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयातात असल्यामुळे हे वृत्त कानावर पडताच मराठी वाचक उपदेश ऐकण्याच्या तयारीत बसतो, आणि इथे तो उपदेश चोर करतो. गंमत शब्दांइतकीच चार यगणांच्या (लघु-गुरू-गुरू अशा चार गटांच्या) त्या संथ, गंभीर चालीत आहे. हेच दोन चरण मुक्तछंदात लिहिले तर उरेल तो केवळ एक किस्सा.

लघुगुरू: विडंबनाला मूळ कविता लागते. वृत्ताचे विडंबन होते असे मानले, तर भुजंगप्रयातातली प्रत्येक हलकीफुलकी ओळ समर्थांचे विडंबन ठरेल.

यतिभंग: प्रत्येक नव्हे, जिथे उपदेशाचा सूर उचलला आहे तिथेच. विडंबन शैलीचेही असते.

जुनी वही: त्याआधी ‘भेटे’ या रूपाविषयी बोलायला हवे. आज कोणीही ‘चोर भेटे’ असे बोलत नाही. ‘भेटला’ हे लगक्रमात बसत नाही म्हणून जुने रूप आणले आहे, ही सरळ ओढाताण आहे. विनोदी पद्याची भाषा तर बोलीच्या सर्वांत जवळ हवी.

अक्षरछंदी: ते रूप मी जाणूनबुजून घेतले आहे. पहिला चरण जुन्या काव्यभाषेत चालतो आणि दुसऱ्यात ‘काय हे’ असा रोजच्या बोलण्यातला शब्दप्रयोग येतो. त्या अंतरातच हसू आहे असे मला वाटते.

लघुगुरू: इथे मी अक्षरछंदींच्या बाजूने आहे. मात्र ऱ्हस्व-दीर्घाची मोडतोड मला खपत नाही. पद्यात वृत्तासाठी शुद्धलेखनाचे नियम सोडण्याची मुभा लेखनविषयक नियमांतच दिलेली आहे, हे मान्य. पण गंभीर कवितेत एखादा ऱ्हस्व दीर्घ केला तर भावाच्या ओघात तो खपून जातो, विनोदी श्लोकात मात्र नेमक्या हसण्याच्या जागी कान अडखळतो आणि सगळा डाव फसतो. म्हणून विनोदी पद्यकाराने ती मुभा घेऊच नये.

जुनी वही: हा अतिरेक आहे. ‘कवि’ आणि ‘कवी’ यांतले सोयीचे रूप निवडले तर कोणाचा कान अडखळतो? याहून मोठा दोष भरीच्या शब्दांचा. दुसऱ्या चरणातला ‘काही’ लगक्रम भरण्यापुरताच आहे.

यतिभंग: मुळीच नाही. ‘लाज वाटत नाही?’ हा प्रश्न आहे, तर ‘लाज काही?’ ही झाडाझडती. रागावलेले वडीलधारे माणूस असेच बोलते.

जुनी वही: मग ‘थोडी’ घालून पाहा: ‘लाज थोडी न वाटे’. लगक्रम तोच राहतो आणि अर्थ अधिक नेमका होतो.

अक्षरछंदी: ‘थोडी’ने चोर लाजेचे माप काढू लागतो, तर ‘काही’त तो ती उरलीच नाही असे धरून चालतो. मी ‘काही’च ठेवीन. शीर्षकाविषयी अजून कोणाचे मत असल्यास अवश्य कळवावे.

लघुगुरू: ‘थोडी’ वाईट नाही. ‘कैशी’ही बसते, पण त्याने दुसरा चरणही जुन्या काव्यभाषेत जाईल.