हाताने काढलेला बॉक्सप्लॉट आणि सॉफ्टवेअरने काढलेला बॉक्सप्लॉट वेगळे का येतात?

प्रश्न

एका सरावचाचणीसाठी ११ जणांना लागलेला वेळ (मिनिटांत) चढत्या क्रमाने असा आहे: १२, १४, १५, १७, १८, २०, २३, २७, ३१, ३४, ५०. मध्यक (मधोमधचा आकडा) २० आहे. तो बाजूला ठेवून उरलेल्या दोन भागांचे मध्यक काढले असता पहिले चतुर्थक १५ व तिसरे ३१ आले, आणि त्यावरून मी बॉक्सप्लॉटची पेटी १५ ते ३१ अशी काढून वरचा व्हिस्कर (पेटीबाहेर जाणारी रेघ) थेट ५० पर्यंत ओढला. सॉफ्टवेअरने मात्र पेटी १६ ते २९ अशी काढली, व्हिस्कर ३४ वर थांबवला आणि ५० हा सुटा ठिपका दाखवला. चूक कोणाची? शिवाय दोन्ही आकृत्यांत मध्यकाच्या वरचा पेटीचा भाग खालच्या भागापेक्षा बराच लांब आहे. म्हणजे जास्त वेळ घेणारे लोक संख्येने अधिक आहेत, असे समजावे का?

उत्तर १

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो गैरसमज फार पसरलेला आहे. पेटीच्या भागाची लांबी आकडे किती आहेत हे सांगत नाही, ते किती पसरले आहेत हे सांगते. तुमच्याच आकृतीत पाहा: १५ आणि २० यांच्या मध्ये १७ व १८ हे दोन आकडे आहेत, २० आणि ३१ यांच्या मध्ये २३ व २७ हेही दोनच. खालच्या दोघांना ५ मिनिटांची जागा पुरली, वरच्या दोघांनी ११ मिनिटांची घेतली, एवढाच फरक. त्यामुळे लांब भाग दिसला की तेथे विरळ वस्ती आहे असे वाचावे, दाट नव्हे. वर पसारा अधिक असल्यामुळेच सरासरीही वर ओढली गेली आहे: ती सुमारे २३.७ येते.

उत्तर २

पहिल्या प्रश्नात चूक कोणाचीच नाही. आकड्यांची संख्या विषम असली की मध्यकाचे काय करायचे, याबद्दल एकच सर्वमान्य नियम नाही. तुम्ही तो वगळला. सॉफ्टवेअरने काढलेली चतुर्थके तो दोन्ही भागांत धरल्यास मिळतात. तसे केले तर खालचा भाग १२, १४, १५, १७, १८, २० असा होतो व त्याचा मध्यक १६ येतो. त्याच रीतीने वरच्या भागाचा २९. बॉक्सप्लॉट रूढ करणाऱ्या जॉन ट्यूकी यांची रीत हीच होती.

आता व्हिस्करकडे पाहू. त्याची वरची मर्यादा म्हणजे तिसरे चतुर्थक अधिक आंतरचतुर्थक अंतराची (तिसऱ्या व पहिल्या चतुर्थकांतील फरकाची) दीडपट. तुमच्या रीतीने अंतर १६, दीडपट २४, मर्यादा ५५. म्हणून ५० आत राहतो. सॉफ्टवेअरच्या रीतीने अंतर १३, दीडपट १९.५, मर्यादा ४८.५, म्हणून ५० बाहेर पडतो. व्हिस्कर ४८.५ पर्यंत न जाता ३४ वर का थांबला, हे येथेच समजून घ्या: तो मर्यादेपर्यंत नव्हे, तर मर्यादेच्या आत असलेल्या शेवटच्या प्रत्यक्ष आकड्यापर्यंत जातो.

प्रश्नकर्ता

आकडेमोड पुन्हा करून पाहिली, दोन्ही उत्तरे पटली. मग सॉफ्टवेअरने आउटलायर (इतरांपासून फार दूर पडलेला) ठरवलेला ५० हा आकडा वगळून बाकी दहा आकड्यांवर पुढील काम करावे का?

उत्तर ३

केवळ त्या ठिपक्यावरून अजिबात वगळू नका. चतुर्थकाची रीत बदलताच जो आकडा आत-बाहेर होतो, त्याच्यावर ‘चुकीचा’ असा शिक्का मारण्याइतका तो नियम कठोर नाही. दीडपट हा एक सोयीचा संकेत आहे. सामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणातूनही, जिथे काहीही बिघडलेले नसते, सुमारे ०.७ टक्के आकडे या मर्यादांबाहेर पडतात, म्हणजे हजार निरीक्षणांत साधारण सात ठिपके अपेक्षितच असतात. ठिपका दिसला की मूळ नोंद तपासावी: लिहिताना चूक झाली का, ती व्यक्ती चाचणी मध्येच सोडून उठली होती का? असे कारण सापडले तर वगळा आणि तसे नमूद करा; नाही सापडले तर ५० हा खराच ५० आहे.

उत्तर ४

उत्तर ३ शी सहमत आहे, पण मुळात ११ आकड्यांसाठी बॉक्सप्लॉट हवाच कशाला, असे मला वाटते. पाच संख्यांत (किमान, पहिले चतुर्थक, मध्यक, तिसरे चतुर्थक, कमाल) सारांश काढून आपण सहा संख्या वाचवल्या आणि त्या बदल्यात आकड्यांची ठेवण झाकून टाकली. आकडे दोन वेगवेगळ्या पुंजक्यांत विभागलेले असले, तरी पेटी एकसंध आणि नीटसच दिसते. येथे सगळे आकडे ठिपक्यांनी मांडा. पेटी हवीच असेल तर त्याच ठिपक्यांवर फिकट रंगात काढा, आणि चतुर्थके कोणत्या रीतीने काढली ते आकृतीखाली लिहा.