अध्यासनाला २५ लाख पुरणार नाहीत

आपल्या गावच्या मंडळाने २५ लाख जमवून दापोलीच्या कृषी विद्यापीठात गावाच्या नावे अध्यासन, म्हणजे देणगीच्या व्याजावर चालणारं प्राध्यापकपद, काढावं, अशी सूचना इथे आली आहे. ती मनापासून आवडली. पण हिशेब बघा. मुद्दलाला हात लावायचा नाही, पगार व्याजातून. प्राध्यापकाचा सुरुवातीचा मूळ पगारच महिना १,४४,२०० रुपये, म्हणजे वर्षाला १७ लाखांवर. ७ टक्के व्याज धरलं तरी अडीच कोटी हवेत. भत्ते वेगळे, आणि महागाईपोटी थोडं व्याज मुद्दलात परत घालावं लागतं ते वेगळंच.

२५ लाखांचं व्याज पावणेदोन लाख. त्यात एका विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नक्की बसेल. विषय मात्र आपला असू दे. यंदा माझ्या आंब्याच्या कलमांवर तुडतुडे, ही रस शोषणारी कीड, पडले. पानं चिकट, वर काजळी, मोहोर हातात चुरत होता. त्यावर काम करणारं पोर आपल्या पैशातून शिकलं तर मला फार आनंद होईल.

आपल्या दापोलीजवळच्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं, तेही आधी लहान देणग्यांवरच. उद्योगपती विठ्ठलदास ठाकरसींचे १५ लाख नंतर, १९२० मध्ये आले. माझे दहा हजार धरा.