मूर्तिपूजकांशी व्यापार नको म्हणणारा ज्यू कायदा: आपल्याला राग यावा का?

तर्कट: मिश्ना म्हणजे ज्यूंचा जुना कायदेसंग्रह, त्यातलं मूर्तिपूजेवरचं प्रकरण अवोदा झारा वाचतोय. मिश्ना साधारण इ.स. 200 च्या आसपास गॅलिलीत संकलित झाली. सुरुवातच अशी की मूर्तिपूजकांच्या सणाआधी तीन दिवस त्यांच्याशी खरेदी-विक्री नाही, उसनं देणं-घेणं नाही, फेडणंही नाही. सण म्हणजे रोमन लोकांचे, सॅटर्नालिया, कॅलेंड्स वगैरे. हे वाचून लोक लगेच भडकतात, पण मला यात द्वेष दिसत नाही, आपल्या मालाने त्यांची पूजा होऊ नये एवढंच आहे. पांढऱ्या कोंबड्याचं बघा ना, तो देवाला जायचा म्हणून विकायला मनाई, पण रब्बी (ज्यू धर्मगुरू) येहुदा म्हणतात बाकी कोंबड्यांबरोबर विकला तर चालेल आणि एकटाच असेल तर पायाचं बोट तोडून विका, कारण खोड असलेला कोंबडा ते लोक देवाला देत नाहीत. ज्याला द्वेषच करायचाय तो एवढं डोकं कशाला लावेल?

सोलापुरी: धंदा बुडू नये म्हणून पळवाट काढली हो, त्यात कसलं कौतुक. आणि पुढचं वाचलंत का? हेच येहुदा म्हणतात की त्यांच्याकडून वसुली करायला हरकत नाही, कारण पैसे देताना त्याला त्रासच होतो. त्यावर बाकीचे म्हणतात, आत्ता त्रास झाला तरी नंतर तो खूश होतो. म्हणजे शेजारी सणाला खूश असू नये याचीच काळजी! याला द्वेष नाही तर काय म्हणायचं?

तर्कट: खूश होऊन तो आपल्या देवाचे आभार मानेल आणि त्याला कारण आपण होऊ, ही भीती आहे. माणसावर राग नाही.

रेवदंडेकर: पुस्तकात काही असू दे, आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली. गिऱ्हाईक बहुतेक हिंदूच, मग ते तेल कुठल्याच देवळातल्या समईत गेलं नसेल का? कुणी विचारायला गेलं नाही.

सोलापुरी: ते उदाहरण चालत नाही, त्यांच्यापर्यंत तालमूद, म्हणजे मिश्ना आणि तिच्यावरची चर्चा, पोचलंच नव्हतं. जिथे पोचलं तिथलं बोला.

तर्कट: बरं, तिथलं बोलू. बॅबिलोनियात तिथले रब्बी शमुएल म्हणाले की इस्राएलबाहेर तीन दिवस नाही, फक्त सणाचाच दिवस. रॅम्बॅम (मध्ययुगातले मोठे ज्यू पंडित मायमोनिडीस) कडक, त्यांनी ख्रिश्चनांनाही मूर्तिपूजकांत धरलं, पण फ्रान्समधल्या पेर्पिन्याँचे रब्बी मेइरी म्हणाले की ज्यांच्याकडे धर्माची शिस्त आहे त्यांना हे नियम लागूच नाहीत. 16व्या शतकात शुल्खान आरुख या ज्यू कायद्याच्या ग्रंथात तर लिहिलंय की आताचे लोक मूर्तिपूजेत जाणकार नाहीत, सणालाही व्यवहार करा. कायदा कागदावर राहिला, बाजार चालू राहिला.

सोलापुरी: कागदावर राहिला म्हणता, मग 2004 चं काय? जेरुसलेमचे रब्बी एल्याशिव यांनी फतवा काढला (शब्द आपला, पण समजून घ्या) की तिरुपतीच्या केसांचे विग वापरायचे नाहीत, ते केस मूर्तीला वाहिलेले आहेत. (कर्मठ ज्यूंमध्ये लग्न झालेल्या बायका केस झाकतात, बऱ्याच जणी त्यासाठी विग घालतात.) ब्रुकलिनमध्ये बायकांनी महागडे विग रस्त्यावर जाळले. चौकशीला लंडनहून एक रब्बी तिरुपतीला जाऊन आले. आपली श्रद्धा आणि त्यांच्याकडे होळी!

तर्कट: यात आपला अपमान कुठे झाला? उलट त्यांनी आपला नवस आपल्यापेक्षा जास्त सीरियसली घेतला. विरोधी बाजूचे म्हणत होते की केस मूर्तीपुढे ठेवतच नाहीत, न्हावी बाहेर कापतो, मग देवस्थान लिलाव करतं, म्हणून तो नैवेद्य नव्हे. एल्याशिव यांचा मुद्दा असा की कापणं हीच पूजा. आता तुम्हीच सांगा, तिरुपतीला मुंडण करणारा काय म्हणेल?

सोलापुरी: आत्ताच घरात विचारलं. आई म्हणते, "केस देवाला दिले, पुढे कुणी काय केलं त्याच्याशी आपल्याला काय करायचंय."

रेवदंडेकर: मग आई एल्याशिव यांच्याच पार्टीत गेल्या की हो!