व्यवस्थापनासाठीचा डॅशबोर्ड नेमका कसा मांडावा? सल्ला हवा आहे

तक्तेवाली

नमस्कार. मी एका मध्यम आकाराच्या उत्पादन कंपनीत एमआयएसचे, म्हणजे व्यवस्थापनाला लागणारी माहिती व अहवाल तयार करण्याचे, काम पाहते. विक्री, वसुली, मालसाठा आणि वेळेवर होणारी पाठवणी हे सगळे एकत्र दाखवणारा एक डॅशबोर्ड माझ्याकडे आधीच्या सहकाऱ्यांकडून आला आहे. त्याच्या पहिल्याच पानावर चौदा चार्ट आहेत. त्यांपैकी चार गेज (गाडीच्या वेगमापकासारखे काट्याचे चार्ट) आणि तीन पाय चार्ट असून उरलेले बहुतेक रंगीबेरंगी थरांचे स्तंभालेख आहेत. दर बैठकीत कोणीतरी ‘हेही टाका’ म्हणत गेले आणि पान भरत गेले, असे दिसते. प्रत्यक्षात आढावा बैठकीच्या आदल्या दिवशी प्रत्येक विभागप्रमुख मला फोन करून ‘ते राहू द्या, मला एक्सेल पाठवा’ असेच सांगतो.

आता नव्याने मांडणी करण्याची मोकळीक मिळाली आहे. कोणता चार्ट कुठे वापरावा, एका पानावर किती असावेत, रंग कसे निवडावेत आणि डॅशबोर्ड बनवण्याचे सध्याचे साधन पॉवर बीआय सोडून टॅब्लो हे दुसरे साधन घ्यावे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

अनुस्वार

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: साधन बदलू नका. जे दोष तुम्ही सांगितले आहेत ते कोणत्याही साधनात जसेच्या तसे उतरवता येतात.

चार्ट निवडण्यापूर्वी प्रत्येक विभागप्रमुखाला एवढेच विचारा की हा आकडा वाढला तर आपण काय कराल आणि घटला तर काय कराल. दोन्हींचे उत्तर ‘काही नाही’ असे आले, तर तो आकडा पहिल्या पानावर नको. मागच्या पानावर किंवा एक्सेलमध्ये तो खुशाल असावा, त्याला कोणाची हरकत नाही.

कोष्टकपंत

अनुस्वार यांच्याशी सहमत आहे, पण विभागप्रमुख एक्सेल का मागतात, याचाही विचार व्हायला हवा. एक्सेलमध्ये त्यांना या महिन्याच्या शेजारी मागचा महिना, मागच्या वर्षीचा हाच महिना आणि उद्दिष्ट अशी घरे सापडतात, म्हणजेच तुलना सापडते. तुमच्या गेजमध्ये ती नाही. ‘वेळेवर पाठवणी ८७ टक्के’ असा काटा हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्याच्या सीमेवर उभा असतो. पण मागच्या तिमाहीत हाच आकडा ९४ होता की ८१, हे कळल्याशिवाय ८७ चांगले की वाईट, हे कोण सांगणार? गाडीत काटा चालतो, कारण चालकाला त्या क्षणाचा वेग पुरेसा असतो. धंद्यात मात्र आपण इथवर कसे आलो, हे ठाऊक नसेल तर पुढचे पाऊल ठरत नाही.

त्यामुळे त्या एका गेजच्या जागी काय येऊ शकते ते सविस्तर लिहितो. वर डावीकडे ठळक अक्षरांत ८७ टक्के, त्याच्याखाली लहान अक्षरांत ‘उद्दिष्ट ९२, मागील तिमाही ९४’, आणि त्याला लागून गेल्या तेरा आठवड्यांचा साधा रेषालेख, ज्यात उद्दिष्टाची एक फिकट आडवी रेघ असेल. खाली उशिरा गेलेल्या ऑर्डरींची कारणे आडव्या स्तंभांत, मोठ्यापासून लहानाकडे अशा क्रमाने: कच्चा माल नव्हता, यंत्र बंद होते, वाहन मिळाले नाही, कागदपत्रे अपुरी होती. गेजइतक्याच जागेत हे सारे बसते आणि बैठकीतला पुढचा प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर समोर असते. स्तंभ आडवे ठेवण्याचे कारण इतकेच की कारणांची नावे लांब असतात आणि उभ्या स्तंभांखाली ती तिरकी करून लिहावी लागतात, मग वाचणाऱ्याला मान वाकडी करावी लागते.

कोणता चार्ट निवडावा, हा नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न नाही. संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनुसार, एकाच मोजपट्टीवरील स्थान माणसाला सर्वांत अचूक वाचता येते. लांबी आणि कोन त्यानंतर येतात, क्षेत्रफळ आणखी मागे पडते आणि रंगाचा गडदपणा अगदी शेवटी येतो. म्हणून जिथे अचूक तुलना हवी तिथे स्तंभ किंवा बिंदू, आणि जिथे काळानुसार बदल दाखवायचा तिथे रेषा, एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

थरांच्या स्तंभालेखांबद्दलही सांगतो. त्यात फक्त सर्वांत खालचा थर सरळ पायावर उभा असतो आणि बाकीचे थर हवेत तरंगतात. मधल्या थरातले उत्पादन वाढले की घटले, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. चार उत्पादने असतील तर चार छोटे रेषालेख एकाच मोजपट्टीवर शेजारी शेजारी ठेवा.

मोजपट्टी

पाय चार्टला सरसकट फाशी देऊ नये, असे माझे मत आहे. ‘एकूण थकबाकीपैकी निम्म्याहून अधिक एकाच ग्राहकाकडे आहे’ एवढेच सांगायचे असेल, तर दोन किंवा तीन तुकड्यांचा पाय चार्ट ते क्षणात सांगतो. २४ आणि २७ टक्क्यांचे तुकडे शेजारी बसवून कोणता मोठा ते ओळखायला लावले, की मात्र त्याचा उपयोग संपतो. त्रिमितीय पाय चार्टबद्दल दुमत नसावे; पुढच्या बाजूचा तुकडा उगाच मोठा भासतो, त्यामुळे तो वापरूच नये.

दुसरा मुद्दा अक्षाचा. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे, कारण वाचणारा स्तंभाची लांबी पाहतो. ९६ आणि ९८ हे आकडे ९५ पासून सुरू होणाऱ्या अक्षावर मांडले, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसतो. रेषालेखाला ही सक्ती नाही, तिथे आपण चढउतार पाहत असतो. पण अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट लिहावे.

जमाखर्च

वरच्या सूचना मोलाच्या आहेत, पण चार्टच्या आतल्या आकड्यांकडेही लक्ष द्यावे, ही विनंती. सुबक आलेखातला चुकीचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो आणि म्हणूनच तो अधिक महागात पडतो.

टक्केवाऱ्यांची सरासरी हा त्यातला नेहमीचा सापळा आहे. एका शाखेने १०० पैकी ९० ऑर्डरी वेळेवर पाठवल्या आणि दुसरीने १,००० पैकी ५००, तर शाखांच्या टक्केवाऱ्यांची सरासरी ७० येते. कंपनीची खरी टक्केवारी मात्र १,१०० पैकी ५९०, म्हणजे सुमारे ५३.६ आहे. डॅशबोर्डच्या कार्डावर ‘सरासरी’ हा पर्याय निवडला की साधन निमूटपणे ७० दाखवते. म्हणून अंश आणि छेद वेगवेगळे साठवावेत आणि भागाकार बेरजेनंतरच करावा.

सरासरी आणखी एका प्रकारे फसवते. दहा ऑर्डरींपैकी नऊ दोन दिवसांत गेल्या आणि एकीला बावीस दिवस लागले, तर सरासरी चार दिवस येते. पण चार दिवस लागलेली ऑर्डर त्यात एकही नाही. अशा ठिकाणी मध्यक (सर्व आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) दाखवावा, आणि शेजारी ‘सात दिवसांहून अधिक रखडलेल्या ऑर्डरी’ ही संख्या द्यावी. नियोजनासाठी ती दुसरी संख्याच बहुधा उपयोगी पडते.

शिवाय विक्री कोणत्या तारखेला मोजायची, हे लेखी ठरवून घ्या. विक्री विभाग ऑर्डर मिळालेला दिवस धरतो, लेखा विभाग बिलाचा दिवस धरतो आणि वसुलीवाल्यांना पैसे जमा झालेला दिवस महत्त्वाचा वाटतो. तिघांचेही बरोबर असते, पण तिघांचे आकडे एकाच नावाखाली आले की बैठकीचा पहिला अर्धा तास आकडे जुळवण्यात जातो आणि मग सगळे एक्सेलकडे वळतात. प्रत्येक चार्टच्या शीर्षकाखाली एका ओळीत व्याख्या लिहिलेली असावी आणि आकडे कोणत्या वेळेपर्यंतचे आहेत, हेही तिथेच असावे. एकके लाख-कोटींत की हजारांत, हेही एकदाच ठरवावे. एका कार्डावर लाख आणि दुसऱ्यावर हजार असतील, तर घाईत वाचणारा हमखास चकतो.

तक्तेवाली

सर्वांचे मनापासून आभार. अनुस्वार यांचा प्रश्न विभागप्रमुखांना विचारून पाहिला आणि चौदापैकी पाच चार्टच टिकले. मालसाठ्याच्या गेजबद्दल तर कोणालाही काही करायचे नव्हते. त्यांना हवी होती ती न हललेल्या मालाची यादी.

आता दोन नवे प्रश्न आहेत. विक्री आणि जाहिरात खर्च यांचा संबंध दाखवण्यासाठी डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन अक्ष असलेला चार्ट वरिष्ठांना हवा आहे. तो द्यावा का? आणि प्रत्येक आकड्याला लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका असावा, असाही आग्रह आहे.

मोजपट्टी

दोन अक्षांचा चार्ट शक्यतो देऊ नये. दोन रेषा कुठे छेदतात आणि एकमेकींना किती चिकटून धावतात, हे सर्वस्वी तुम्ही अक्षांच्या मर्यादा काय ठरवता त्यावर अवलंबून असते. मर्यादा बदलल्या की त्याच आकड्यांतून ‘घनिष्ठ संबंध’ही दाखवता येतो आणि ‘काहीच संबंध नाही’ हेही. त्याऐवजी दोन आलेख एकाखाली एक ठेवा आणि काळाचा अक्ष दोघांना सामाईक ठेवा. वाढीचा वेगच तुलनेस हवा असेल, तर दोन्ही मालिका सुरुवातीच्या महिन्यात १०० धरून एकाच अक्षावर मांडता येतात. प्रश्न खरोखरच संबंधाचा असेल, तर एका अक्षावर जाहिरात खर्च, दुसऱ्यावर विक्री आणि प्रत्येक महिन्याचा एक बिंदू असा विकीर्ण आलेख काढावा. आणि बिंदू एका रेषेत आले तरी जाहिरातीमुळेच विक्री वाढली, असे तेवढ्यावरून ठरवू नये, कारण हंगाम दोघांनाही एकदमच वर नेत असेल.

रंगांबाबत सांगायचे तर लाल आणि हिरवा ही जोडी अडचणीची आहे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांपैकी एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. इतरत्र प्रमाण कमी-अधिक असले, तरी दहाबारा जणांच्या बैठकीत असे कोणी असण्याची शक्यता धरूनच चालावे. निळा आणि नारिंगी ही जोडी बरीच सुरक्षित आहे. त्यासोबत ▲ किंवा ▼ असे चिन्ह ठेवले की छापील कृष्णधवल प्रतीतही अर्थ टिकतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे लिहिण्याची फॅशन आहे, तीही टाळावी. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुलभता निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट (उजळपणातील फरक) मागितला आहे.

माझी स्वतःची पद्धत अशी की सर्व काही राखाडी ठेवायचे आणि ज्या एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे तिलाच रंग द्यायचा.

कोष्टकपंत

ठिपक्यांबाबत माझा आक्षेप वेगळा आहे. उद्दिष्ट ९२ असताना ९१.८ ला पिवळा आणि ९२.१ ला हिरवा ठिपका लागतो, आणि मग एका ठिपक्याचे स्पष्टीकरण देण्यासाठी माणसे कामाला लागतात. प्रत्येक प्रक्रियेत नेहमीची थोडी हालचाल असतेच. ती हालचाल आणि खरा बदल यांतला फरक ओळखण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्येच नियंत्रण आलेख मांडला होता, आणि तो आजही कार्यालयांत फारसा वापरला जात नाही, याचे मला नवल वाटते.

करायचे इतकेच. साप्ताहिक आकड्यांची सरासरी काढा. लागोपाठच्या दोन आठवड्यांतील फरक, चिन्ह सोडून, घ्या आणि त्या फरकांचीही सरासरी काढा. तिला २.६६ ने गुणून येणारी संख्या मूळ सरासरीत एकदा मिळवा आणि एकदा वजा करा. समजा सरासरी ८८ आहे आणि फरकांची सरासरी १.५, तर मर्यादा साधारण ८४ आणि ९२ येतात. या पट्ट्यातील चढउतारांना कारण विचारत बसू नये. एखादा बिंदू पट्ट्याबाहेर गेला, किंवा सलग आठ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले, तर मात्र शोध घ्यावा. या उदाहरणात उद्दिष्ट ९२ वरच्या मर्यादेवरच येते, म्हणजे आहे त्या पद्धतीने काम चालू ठेवून ते सातत्याने गाठले जाणार नाही. पद्धतच बदलावी लागेल. ही गोष्ट कोणताही ठिपका सांगत नाही.

अनुस्वार

+१. वरिष्ठांचा आग्रह मोडता येत नसेल, तर ठिपका फक्त पट्ट्याबाहेरच्या आकड्याला द्यावा. पान शांत राहते आणि ठिपका दिसला की लोक खरोखर पाहतात.

तक्तेवाली

हा उपाय वरिष्ठांना पटला. शेवटची एक शंका आहे: चालू महिना अपुरा असल्यामुळे मासिक रेषा शेवटी एकदम खाली कोसळलेली दिसते आणि दर वेळी त्यावर चर्चा होते. तो महिना वगळावा का?

जमाखर्च

वगळू नका, कारण मग लोक तोच आकडा फोनवर विचारतील. रेषा मागच्या पूर्ण महिन्यापर्यंतच ओढा आणि चालू महिन्यासाठी वेगळा, पोकळ बिंदू ठेवून शेजारी ‘१२ तारखेपर्यंत’ असे लिहा. तुलनेसाठी मागच्या महिन्याचाही १२ तारखेपर्यंतचाच आकडा तिथे द्या. सुट्ट्या कमी-अधिक असतील, तर तारखेऐवजी कामाचे दिवस मोजा. महिनाअखेरीस बिले एकदम निघत असतील, तर दिवसांच्या प्रमाणात अंदाज वाढवून दाखवू नका, कारण तो अंदाज जवळजवळ दर महिन्याला कमीच पडेल. त्याऐवजी मागच्या काही महिन्यांत बारा तारखेपर्यंत एकूण विक्रीचा किती वाटा झाला होता ते काढा आणि त्यावरून खालची-वरची अशी मर्यादा द्या.