कथा लिहितानाचं संगीत: शब्द नकोत, आणि सतारीचा जलद ‘झाला’ तर नकोच
आवाज बारीक ठेवला तर कथा लिहिताना जुनी गाणीही चालतात, असं कुणीतरी म्हटलंय. वर्णनाला चालतील, संवादाला नाही. ओळखीच्या भाषेतले शब्द बारीक आवाजातही कानात शिरतात आणि पात्राच्या तोंडचं वाक्य मध्येच तुटतं.

सरोद किंवा सतारीचा आलाप-जोड (रागाची संथ सुरुवात आणि मग हळूहळू येणारी लय) उत्तम. शब्द नाहीत, तबला नाही. पण पुढे ‘झाला’ हा जलद भाग येतो, लय चढते आणि आपली वाक्यंही नकळत आखूड, धावती होतात. पाठलागाचा प्रसंग असेल तर ठीक. एरवी आलापाचाच तुकडा कापून रिपीटवर ठेवा. फुकटच्या अ‍ॅपवर ऐन मरणाच्या प्रसंगात साबणाची जाहिरात येते, म्हणून फाइल उतरवून घेतलेली बरी. ऑटोप्लेही बंद.

तेही जड वाटलं तर अ‍ॅपवरचा नुसता तानपुरा: पहिली तार पंचमात (‘प’ स्वरात), पट्टी म्हणजे मूळ ‘सा’ काळी १ (पेटीची पहिली काळी पट्टी) किंवा त्याखालची, तारा छेडण्याचा वेग कमी. ५-१० मिनिटांत तो जाणवेनासा होतो, तेच हवंय.

करुण प्रसंगाला करुण राग लावणाऱ्यांनी मात्र जपून. गहिवर रागाचा असतो आणि वाटतं परिच्छेद जमला. आवाज बंद करून तो मोठ्यानं वाचा. कुठे पोकळ आहे ते तिथल्या तिथे कळतं.