सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहिणारी मुले : दुसरीच्या वर्गात काय करावे?

कोयनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली आणि दुसरीचे वर्ग एकत्र सांभाळते. दुसरीत १४ मुले आहेत आणि त्यांपैकी सहा मुलांच्या बाबतीत मला पुढील अडचण येत आहे.

ही मुले १ ते १०० अंक न अडखळता म्हणतात. फळ्यावर ४७ लिहिले तर चार दशक आणि सात एकक असेही सांगतात. २३ आणि ४५ यांची उभी बेरीज करतात. मात्र मी तोंडी संख्या सांगून लिहायला लावले की सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितात, त्रेसष्ट ऐकून ३६ लिहितात आणि एकोणतीस म्हटले की त्यांतील बहुतेक जण ३९ लिहितात. चुकलेली संख्या दहा वेळा लिहून आणायला सांगून पाहिले. दुसऱ्या दिवशी ती एक संख्या बरोबर येते आणि तिच्या शेजारची चुकते.

वर्गात 'चाळीस सात' असे म्हणायला सुरुवात केली, तेव्हा दोन पालकांनी शाळेत येऊन मुलांची मराठी बिघडेल अशी काळजी व्यक्त केली. त्यांची काळजी मला चुकीची वाटत नाही, पण मुलांना असेच पुढे ढकलणेही मनाला पटत नाही. ज्यांनी लहान वर्गांना शिकवले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाटीपेन्सिल

ताई, मी ३१ वर्षे प्राथमिक शाळेत होतो आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे पहिली-दुसरीलाच होतो. आपण दिलेल्या वर्णनावरून मुलांची स्थानिक किंमत कच्ची आहे असे मला वाटत नाही. अडचण कान आणि पेन्सिल यांच्या मध्ये आहे. आपली भाषा आधी सुटे सांगते आणि मग दशक सांगते, तर लिहिताना आधी दशक येतो आणि मग सुटे. 'सत्ते' कानावर पडताच मुलाने ७ लिहिला, तर तो जे ऐकले ते ऐकल्या क्रमाने लिहीत असतो. वाचनाच्या तासाला आपण त्याला नेमके हेच शिकवत असतो.

म्हणून सर्वप्रथम वही तपासण्याऐवजी पेन्सिल पाहावी. संख्या सांगावी आणि मूल कोणता अंक आधी लिहिते ते शेजारी बसून पाहावे. उरलेल्या आठ मुलांपैकीही काही जण आधी ७ लिहितात, त्याच्या डावीकडे जागा सोडतात आणि नंतर तिथे ४ भरतात, असे आपल्याला आढळेल. उत्तर बरोबर असल्यामुळे ही मुले आपल्या नजरेतून सुटतात, पण पुढे एकशे सत्तेचाळीस आले की १ लिहून झाल्यावर जागा किती सोडायची हे त्यांना कळत नाही आणि तिसरीत ती अचानक मागे पडल्यासारखी दिसतात.

दुसरी गोष्ट अशी की, ऐकणे आणि लिहिणे यांच्या मध्ये हाताचे काम घालावे. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या मुलांसमोर ठेवून 'सत्तेचाळीस दाखव' असे सांगावे, आणि दाखवून झाल्याशिवाय लिहू देऊ नये. जे मूल चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या दाखवते, त्याला संख्या कळलेली आहे आणि फक्त लेखनाचा क्रम शिकायचा आहे. जे मूल सात गठ्ठे उचलते, त्याला 'चाळीस' हा शब्दच ऐकू आलेला नाही. या दोन मुलांना एकच उपाय लागू पडत नाही, आणि दहा वेळा लिहून आणण्याचा उपयोग तर दोघांपैकी कोणालाच होत नाही.

'चाळीस' ऐकू न येण्यात मुलाचा दोष नाही, हे मी जरा विस्ताराने सांगतो. मराठीत २१ पासून पुढचे दोन हे कधी बा, कधी ब, कधी बे, तर कधी ब्या असे रूप घेतात : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दशकही आपले रूप टिकवत नाही. पन्नासचे एक्कावन्नमध्ये 'वन्न' होते आणि त्रेपन्नमध्ये 'पन्न' होते, साठचे 'सष्ट' होते, सत्तरचे 'हत्तर' होते आणि नव्वदचे 'ण्णव' होते. मोठ्या माणसाला हे सगळे शब्द अखंड पाठ असल्यामुळे त्यांतले तुकडे जाणवत नाहीत. मुलाला मात्र 'सदुसष्ट' या शब्दात सहा दशके कोठे आहेत हे कोणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

यासाठी मी वर्गात 'शेपूट ओळखा' असा एक खेळ घेत असे. मी फक्त शब्दाचा शेवट मोठ्याने म्हणायचा, '...सष्ट', आणि मुलांनी सहा गठ्ठे उचलायचे, '...हत्तर' म्हटले की सात. आठवडाभर सुट्या काड्यांना हात लावायचा नाही. शेपटावरून गठ्ठे बिनचूक येऊ लागले की मग पूर्ण शब्द सांगायचा. मुले शब्द शेवटापर्यंत ऐकून मगच पेन्सिल उचलू लागतात आणि आपल्याला हवी असलेली सवय त्यातूनच लागते.

एकोणतीस हा वेगळा विषय आहे. 'ऊन' म्हणजे कमी, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मुलाला नऊ सुटे ठाऊक असतात, कानावर 'तीस' येते, म्हणून ते ३९ लिहिते, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर हे अगदी सरळ आहे. येथे काड्यांपेक्षा शंभर मण्यांची माळ जास्त उपयोगी पडते. दहा तांबडे, दहा पांढरे असे मणी ओवलेली माळ भिंतीवर लावावी, मुलाने तिसाव्या मण्यावर बोट ठेवावे आणि एक मणी मागे यावे. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळीकडे हाच नियम चालतो. नव्याण्णव तेवढा त्यात बसत नाही आणि तो तसाच वेगळा सांगावा.

जतकर

पाटीपेन्सिल गुरुजींच्या म्हणण्याला जोड म्हणून माझ्या वर्गातला अनुभव मांडतो. मी जत तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि माझ्या वर्गातील निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात. कन्नडमध्ये सत्तेचाळीसला 'नलवत्तेळु' म्हणतात, म्हणजे आधी चाळीस आणि मग सात. एकोणतीसलाही तिथे 'इप्पत्तोंबत्तु', म्हणजे वीस नऊ, असेच म्हणतात. ही मुले घरची भाषा वापरून संख्या लिहितात तेव्हा अंकांची अदलाबदल फारच क्वचित होते. तीच मुले मराठी शब्द ऐकून लिहितात तेव्हा मराठी घरांतील मुलांसारखीच चुकतात. एकाच मुलाच्या बाबतीत हा फरक पाहिल्यानंतर मुलाला 'गणित कच्चे' असा शेरा देण्याचे मी थांबवले.

मी आता त्यांना संख्या आधी कन्नडमध्ये म्हणू देतो, गठ्ठे मांडू देतो आणि शेवटी मराठी नाव सांगतो. कोयनाकाठ ताईंच्या वर्गात 'चाळीस सात' हे शब्द जे काम करतील, तेच माझ्या वर्गात 'नलवत्तेळु' करते.

अंकलिपी

मी शिक्षक नसून दोन मुलांचा पालक आहे आणि त्या दोन पालकांची बाजू येथे कोणीतरी मांडावी असे मला वाटते.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी जुनी नावे काढून टाकलेली नाहीत आणि दोन्ही पद्धती मुलांसमोर ठेवल्या आहेत, असे स्पष्ट केले होते. मुलांच्या अडचणीतून हा विचार आला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही माझा आक्षेप कायम आहे. आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशी 'पंच्याहत्तर रुपये' असेच सांगतात आणि एसटीच्या वाहकाचा हिशेबही याच शब्दांत चालतो. चौसष्ट कला, तेहतीस कोटी देव, बावनकशी सोने हे शब्द ज्याला संख्या म्हणून कळत नाहीत, त्याच्या हातून गणितापलीकडचेही काही निसटते.

नॉर्वेमध्ये आपल्याप्रमाणेच आधी सुटे सांगण्याची पद्धत होती. तेथे १९५१ साली शासनाने अधिकृतपणे दशक आधी म्हणण्याची पद्धत आणली आणि शाळांतून तीच शिकवली, तरी बोलण्यात जुनी पद्धत आजही ऐकू येते. शासनाने ठरवल्याने बोलण्यातले शब्द मरत नाहीत, आणि मग मुलाला दोन्ही शिकावेच लागते. म्हणून 'चाळीस सात' हे शब्द शिक्षकांनी अवश्य वापरावेत, पण ते किती दिवस वापरणार आहोत हे पालकांना आधी सांगावे, एवढीच माझी विनंती आहे. ते दोन पालक शाळेपर्यंत आले ते विरोधासाठी नव्हे, तर त्यांना काहीच सांगितले गेले नव्हते म्हणून आले असावेत.

पाटीपेन्सिल

अंकलिपी यांचे म्हणणे मला मान्य आहे, फक्त 'किती दिवस' याचे उत्तर तारखेत देता येणार नाही. 'चार दशक सात' किंवा 'चाळीस सात' हे मूल स्वतःहून सोडून देते. त्याला नाव ऐकताच गठ्ठे दिसू लागले की लांबचा रस्ता त्याला नकोसा होतो. मात्र शिक्षकांनी स्वतः प्रत्येक वेळी दोन्ही शब्द जोडीने म्हणावेत, 'चाळीस सात, सत्तेचाळीस', म्हणजे जुने नाव कानावरून एक दिवसही सुटणार नाही.

कोयनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे आधी पेन्सिल पाहिली. सहा मुलांपैकी चार जणांनी गठ्ठे बरोबर मांडले आणि दोघांनी सात गठ्ठे उचलले. त्याहून मोठा धक्का मला उरलेल्या आठ मुलांनी दिला. त्यांतील तिघे डावीकडे जागा सोडून लिहीत होते आणि संपूर्ण पहिलीचे वर्ष ती माझ्याच वर्गात असूनही मला हे दिसले नव्हते.

'शेपूट ओळखा' खेळ दोन आठवडे घेतला. वन्न आणि पन्न हे एकाच दशकाचे आहेत हे मुलांच्या लक्षात यायला सर्वांत जास्त वेळ लागला. एका मुलीने स्वतःहून विचारले की, पंचावन्न आणि छप्पन्न शेजारी राहतात तर त्यांची आडनावे वेगळी का? मी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. पालकांची छोटी बैठक घेतली, त्यांच्याच हातात काड्या दिल्या आणि 'अडुसष्ट' मांडायला सांगितले. त्यानंतर कोणी तक्रार केली नाही. त्या दोन पालकांपैकी एक जण मण्यांची माळ ओवून घेऊन आले.

आता सहापैकी चार मुले दोन अंकी संख्या ऐकून बरोबर लिहितात. एका मुलाचे एकोणसाठ आणि एकोणसत्तर अजून चुकतात. एका मुलाची मात्र प्रगती नाही. तो ३ आणि ६ हे अंकही उलटसुलट लिहितो, त्यामुळे त्याची अडचण संख्यानावांपुरती नसावी असे मला वाटते.

जतकर

ताई, ३ आणि ६ हे आपल्या लिपीत एकमेकांचे आरशातले रूप असल्यामुळे या वयात अनेक मुले त्यांत गोंधळतात. त्या मुलाला काही दिवस लिहायला न लावता अंकांची कार्डे द्यावीत. संख्या ऐकून त्याने आधी दशकाचे कार्ड डावीकडे ठेवावे आणि मग एककाचे ठेवावे. कार्डांनी संख्या बरोबर येत असेल तर त्याचा प्रश्न फक्त अंकाच्या आकाराचा आहे आणि तो वाळूत किंवा पाटीवर मोठा अंक गिरवून सोडवता येईल. कार्डांनीही चुकत असेल तर त्याचे ऐकणे एकदा आरोग्य तपासणीच्या वेळी नीट पाहून घ्यावे. माझ्या वर्गातील एका मुलाला डाव्या कानाने कमी ऐकू येत होते आणि आम्हाला ते वर्षाच्या शेवटी समजले.

कोयनाकाठ

कार्डांचे उद्यापासून सुरू करते. आरोग्य पथक पुढील महिन्यात शाळेत येणार आहे, त्यांच्या यादीत त्याचे नाव आजच सर्वांत वर लिहून ठेवले आहे.